पाइप पंधरा महिन्यांत, फाटक तेरा वर्षांत

गेल्या अंकात कोलकाता बंदरातून नेपाळमधल्या वीरगंजला माल कसा जातो, त्यावर मी लिहिलं होतं. नोकरीची उमेदीची वर्षं कोलकात्यात एका क्लिअरिंग एजंटाच्या, म्हणजे मालाचे कस्टम्सचे कागद करून देणाऱ्याच्या ऑफिसात नेपाळचं टेबल सांभाळण्यात गेली, म्हणून संपादकांनी तो विषय माझ्या गळ्यात घातला. लेखावर पत्रं बरीच आली. काहींनी कौतुक केलं, ते बाजूला ठेवते. ज्यांनी अडवून विचारलं त्यांना इथे उत्तरं देते. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, तुमच्याच लेखात आहे की बिहारमधलं मोतिहारी ते नेपाळमधलं अमलेखगंज ही तेलाची पाइपलाइन पंधरा महिन्यांत टाकून झाली आणि सीमेवरच्या रक्सौल–वीरगंजची एकात्मिक तपासणी चौकी (सगळ्या खात्यांची तपासणी एकाच आवारात) करारानंतर तेरा वर्षांनी पूर्ण झाली. सरकारं तीच, मुलूख तोच, पैसा दोन्हीकडे भारताचाच. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कामं करून घेतली आहेत, त्यामुळे ‘लालफीत’ एवढंच उत्तर मला चालणार नाही. (निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : लालफीत म्हणून मीही सुटणार नाही. पण आधी हिशेब जरा सरळ करू. पंधरा महिने हा फक्त चर खणून पाइप टाकायचा काळ. या पाइपलाइनचं बोलणं १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चालू होतं, सामंजस्य करार ऑगस्ट २०१५मध्ये झाला, काम एप्रिल २०१८मध्ये सुरू झालं आणि दोन्ही पंतप्रधानांनी आपापल्या राजधानीत बसून १० सप्टेंबर २०१९ला उद्घाटन केलं. चौकीचा करार २००५चा. रक्सौलची बाजू २०१६मध्ये चालू झाली, वीरगंजची एप्रिल २०१८मध्ये. म्हणजे पहिल्या बोलण्यापासून धरलं तर पाइपच वयाने मोठा. तरीही तुमचा मुद्दा उरतोच. तीस महिन्यांची मुदत असलेलं काम निम्म्या वेळात होतं तेव्हा त्यात काहीतरी वेगळं घडलेलं असतं.

वेगळं एवढंच की त्या कामात माणसं कमी होती. विकणारी कंपनी एक, इंडियन ऑइल. घेणारं एक, नेपाळ ऑइल निगम. खर्च सुमारे ३२४ कोटी रुपये, तो इंडियन ऑइलने उचलला. लांबी ६९ किलोमीटर. माल तर सुरुवातीला एकच होता, डिझेल. एकाच नळीतून डिझेलमागे पेट्रोल सोडलं की दोहोंच्या सांध्यावरचं तेल मिसळतं, ते वेगळं साठवायला पलीकडे टाक्या लागतात. त्या होईपर्यंत डिझेलवर भागवलं. त्याआधी १९७३पासून हेच तेल टँकरने जात होतं, आणि टँकर म्हटला की चालक आला, नाक्यावरची रांग आली, वाटेत होणारी चोरी आणि भेसळ आली. पाइपमध्ये यातलं काहीच नाही. अलीकडे मीटर, पलीकडे मीटर.

आता चौकी घ्या. ओल्या आल्याचा (अद्रकाचा) एक ट्रक नेपाळमधून भारतात यायचाय. मी सांगतेय ते नेपाळच्या पूर्व टोकाच्या, बंगालला लागून असलेल्या काकरभिट्टा–पानिटंकी नाक्याचं, पण सगळीकडे थोडंफार असंच. नेपाळच्या बाजूला निर्यातीचा कागद, मालाचं मूळ नेपाळचंच असल्याचा दाखला आणि पिकाला कीड-रोग नसल्याचा दाखला. पूल ओलांडला की सीमाशुल्क अधिकारी अर्थ मंत्रालयाचा, वनस्पती क्वारंटाइनवाला कृषी मंत्रालयाचा, अन्नसुरक्षेचा नमुना घेणारा आरोग्य मंत्रालयाचा, पहाऱ्याला सशस्त्र सीमा बल, ते गृह मंत्रालयाचं. एकात्मिक चौकी असेल तर ती चालवणारं भारतीय भूमी बंदर प्राधिकरणही गृह मंत्रालयाकडेच. यांतला प्रत्येक जण आपापल्या कायद्याने बरोबरच असतो. नमुना प्रयोगशाळेत जायचा, माझ्या काळात तो कोलकात्याला जायचा, आणि अहवाल येईपर्यंत ट्रक उभा. ताडपत्रीखाली आल्याला घाम सुटतो, पोत्यांचा वास बदलतो, मग कोंब. चांगला अहवाल हातात पडेपर्यंत व्यापाऱ्याने निम्म्या भावात माल विकायची तयारी केलेली असायची. तुम्ही त्या नाक्यावर आठपदरी पूल बांधलात तरी या ट्रकचा एक दिवससुद्धा वाचत नाही. नेपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आपण मान्य केला तर मात्र सगळे वाचतात. आणि तो मान्य करायला सिमेंट लागत नाही. दिल्लीत कुणीतरी सही करावी लागते आणि पुढे काही बिघडलं तर जबाबदारी घ्यावी लागते. तुम्ही खात्यात होतात, त्यामुळे अशा सहीला किती वजन असतं हे मी तुम्हाला काय सांगणार.

शिवाय कॅलेंडर. माझ्या नोकरीच्या काळात नेपाळची सुटी शनिवारी, आपली रविवारी. आपल्या बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही बंद. तिकडे दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, आठवडाभर शुकशुकाट, इकडे कोलकात्यात दुर्गापूजा, मग रक्सौलला छठ. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं, आपलं एप्रिलला. दोन अर्थसंकल्प, दर बदलायचे दोन मोसम, आणि दोन्ही वेळा ‘आधी काढून घ्या’ म्हणणाऱ्यांची झुंबड. आपलं सीमाशुल्क आइसगेट या संगणक प्रणालीवर चालतं, त्यांचं असिकुडा या वेगळ्या प्रणालीवर. एकाच मालाचा तपशील पुलाच्या दोन्ही बाजूंना दोनदा टाइप व्हायचा. ३,५०० किलोचे इकडे ३,०५० झाले की ट्रक बाजूला.

२००५च्या करारात चार चौक्या होत्या. जोगबनी–विराटनगर पूर्ण झाली जानेवारी २०२०मध्ये, रुपईडिहा–नेपाळगंज जून २०२३मध्ये. चौथी सुनौली–भैरहवा, तिच्या नेपाळकडच्या बाजूचा पाया घातला तोही जून २०२३मध्येच. जागा मिळेपर्यंत अठरा वर्षं गेली. एकीकडचं फाटक आधी होऊन उपयोग नसतो हे तुम्हाला सांगायला नकोच. धरण झालं आणि कालवे राहिले, अशी कामं तुम्ही पाहिली असतील.

प्रश्न : नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, मग मालाला एवढे कागद का? (वाचक, अकोला)

उत्तर : कारण माणसावर सीमाशुल्क नसतं. १९५०च्या मैत्री करारामुळे सुमारे १,७५१ किलोमीटरची ही सीमा माणसांसाठी खुली आहे. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा.

प्रश्न : ताई, नेपाळात सोयाबीन पिकतं तरी किती? आमच्या बाजार समितीत व्यापारी म्हणतात, नेपाळचं तेल यायला लागलं म्हणून भाव पडला. हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, हातात पडतात त्याहून पुष्कळ कमी. सरकारांनी मैत्री करायची आणि भुर्दंड आम्ही सोसायचा? (शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, या वेळच्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला जास्त मोलाचं वाटलं. नेपाळात सोयाबीन पिकतं ते घरी भाजून खायला पुरेल असं म्हणावं इतपतच. तरीही २०२४-२५मध्ये त्या देशाच्या निर्यातीत सोयाबीन तेल पहिल्या नंबरवर गेलं. हे कसं झालं ते सांगते, कारण त्या वाटेचा निम्मा कागद माझ्यासारख्यांच्या टेबलावरून जातो.

कच्चं सोया तेल येतं अर्जेंटिना-ब्राझीलकडून. जहाज लागतं कोलकाता-हल्दियाला. माल नेपाळचा म्हणून भारत त्यावर शुल्क घेत नाही. नेपाळला समुद्र नाही आणि पारगमन (आपल्या मुलखातून माल पलीकडे जाऊ देण्याच्या) करारान्वये त्याला आपल्या बंदरांतून वाट द्यायला आपण बांधलेले आहोत. हे तेल वीरगंज किंवा विराटनगरच्या रिफायनरीत जातं, शुद्ध होतं, आणि त्याच रस्त्याने उलटं भारतात येतं. येताना शुल्क शून्य, कारण साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात अल्पविकसित देशांना तशी सवलत आहे. बाकी कुठूनही शुद्ध तेल आणलं तर सप्टेंबर २०२४पासून त्यावर ३५.७५ टक्के शुल्क, कच्च्यावर तेव्हा २७.५. कच्च्यावरचं पुढे मे २०२५अखेर १६.५वर आणलं, शुद्धवरचं तसंच ठेवलं. म्हणजे नेपाळमार्गे येणाऱ्याला केवढा फायदा, ते तुम्हीच मांडून बघा.

ही तस्करी नाही. सगळं पावतीवर चालतं. पण सवलतीला अट आहे की त्या देशात मालाच्या किमतीत ठरावीक भर पडली पाहिजे, ढोबळमानाने तीस टक्के. तेल शुद्ध करून किमतीत कितीशी भर पडते? गाळणं, रंग काढणं, वास काढणं, काही टक्के फार तर. मग तीस टक्के येतात कुठून? ही भर मोजतात विक्रीच्या किमतीतून कच्च्या मालाची किंमत वजा करून. आणि विक्रीची किंमत ठरते भारतातल्या बाजारभावावर, जो आपल्याच शुल्कामुळे चढलेला असतो. म्हणजे आपण शुल्क जितकं वाढवू तितकी नेपाळच्या रिफायनरीची ‘मूल्यवाढ’ कागदावर आपोआप फुगते. मुंबईची सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन ही खाद्यतेलवाल्यांची संघटना यावर सरकारला वारंवार लिहीत आली आहे. सरकारने २०२०मध्ये आयातदारावरच मालाच्या मूळ देशाचा पुरावा बाळगायची सक्ती केली, त्याच वर्षी जानेवारीत शुद्ध पामतेलाची आयात खुल्या यादीतून काढून निर्बंधित केली. ते करावंच लागणार होतं. पण दोन देशांमधलं सहकार्य इथे उणं पडतं हे खरं: मूळ दाखला देणारा नेपाळचा, तपासणारा भारताचा, आणि रिफायनरीच्या हिशेबवह्या दोघांनी मिळून बघायची सवय नाही.

आता तुम्हाला आवडणार नाही असं एक. तुमचा भाव पडण्यात नेपाळच्या तेलाचा वाटा आहे, पण व्यापारी सांगतो तेवढा नाही. भारत वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात नेपाळचं काही लाख टन. आणि सोयाबीनमध्ये तेल असतं अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळी पेंड. पेंडीला गिऱ्हाईक नसलं की मिलवाला सोयाबीनला भाव देत नाही. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा आता कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतोय. बाजार समितीत पुढच्या वेळी पेंडीचा भाव विचारा. त्यावर व्यापारी काय म्हणतो तेही ऐकून घ्या.

प्रश्न : कोकण रेल्वेने नेपाळला गाड्या दिल्या म्हणे! आमच्याकडे गणपतीत डब्यात पाय ठेवायला जागा नसते. असली दानशूरता कशासाठी? (शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : दान नाही हो, नेपाळने त्या विकत घेतल्या. दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी) गाड्या, बनल्या चेन्नईच्या कारखान्यात, पुरवल्या कोकण रेल्वेने, पोचल्या सप्टेंबर २०२०मध्ये. ज्या मार्गासाठी त्या घेतल्या तो बिहारमधलं जयनगर ते नेपाळमधलं कुर्था, सुमारे ३५ किलोमीटर. त्याचं रूळबांधणीचं काम मात्र भारताच्या अनुदानातून झालं, इरकॉन या आपल्या सरकारी कंपनीने केलं. तिथे १९३७पासून अरुंद रुळांची गाडी धावत होती, आधी जंगलातलं लाकूड ओढायला, मग जनकपूरच्या यात्रेकरूंसाठी. २०१४मध्ये ती थांबली आणि ब्रॉडगेज टाकलं.

आणि बाई, त्या नव्या कोऱ्या गाड्या दीड वर्ष नुसत्या उभ्या राहिल्या. रूळ तयार, स्टेशनं रंगवलेली, पण नेपाळकडे रेल्वे चालवायला लागणारा कायदा धड नव्हता आणि माणसंही नव्हती. गाडीखाली कुणी आलं तर खटला कशाखाली, सीमेपलीकडे गाडी गेल्यावर ड्रायव्हरवर अंमल कुणाचा, तिकिटाचा पैसा कुणी कसा वाटून घ्यायचा, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तंत्रज्ञही भारतातून बोलवावे लागले. अखेर २ एप्रिल २०२२ला दोन्ही पंतप्रधानांनी गाडी सोडली. सुरुवातीला तिसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यात बसायची परवानगी नव्हती. जनकपूरला येणारा जपानी पर्यटक स्टेशनावरून परत.

कोकण रेल्वेचं तिकडे आणखी एक काम आहे. रक्सौल–काठमांडू मार्गाचं सर्वेक्षण तिनेच केलं. रत्नागिरी-चिपळूणचे बोगदे आणि दरडी सांभाळलेल्या माणसांना हिमालयाच्या पायथ्याशी बोलावणं यात मला तरी वावगं दिसत नाही. अंतर एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास. काठमांडूपर्यंत रूळ न्यायचं स्वप्न तसं जुनं. नेपाळची पहिली रेल्वे १९२७मध्ये रक्सौलहून निघाली ती अमलेखगंजलाच थांबली, जिथे आज डिझेलचा पाइप संपतो. तिथून पुढे माल भीमफेदीपर्यंत मोटारीने आणि मग रोपवेने डोंगर चढायचा. १९५६मध्ये भारताने त्रिभुवन राजपथ बांधून दिला, ट्रक काठमांडूला जाऊ लागले आणि रेल्वे १९६५मध्ये बंदच झाली.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. २०१५मध्ये भारताने नेपाळची नाकाबंदी केली होती का? एका पुस्तकात ‘होय’ आहे, दुसऱ्यात उल्लेखच नाही. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : परीक्षेत काय लिहायचं ते तुमचे सर सांगतील. घडलं ते असं. २० सप्टेंबर २०१५ला नेपाळने नवी राज्यघटना लागू केली. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातल्या मधेशी पक्षांना ती अन्यायाची वाटली आणि ते वीरगंजच्या मितेरी पुलावर जाऊन बसले. भारताचं म्हणणं, ट्रकचालकांना सुरक्षितता नाही म्हणून ट्रक थांबले. नेपाळचं म्हणणं, जिथे आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही तेल का येत नव्हतं? फेब्रुवारी २०१६पर्यंत हे चाललं. एप्रिलमधल्या भूकंपातून देश अजून उठला नव्हता. गॅस मिळेना म्हणून काठमांडूत लोकांनी चुली पेटवल्या. अधिकृत आदेश भारताने कधी काढला नाही. माझं मत विचाराल तर, आदेश न काढताही नाका कसा मंद करायचा हे नाक्यावर काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तपासणी शंभर टक्के करा म्हटलं की झालं.

यापूर्वी १९८९मध्ये तर उघडच झालं होतं. व्यापार आणि पारगमनाचे करार मार्चमध्ये संपले, नवे झाले नाहीत, आणि भारताने पारगमनाचे पंधरापैकी तेरा नाके बंद केले. तेव्हापासून नेपाळमध्ये ‘दुसरी वाट हवी’ ही मागणी कुठल्याही पक्षाचं सरकार येवो, सुटलेली नाही. मार्च २०१६मध्ये नेपाळने चीनबरोबर पारगमन करार केला तो याच पोळलेल्या अंगाने. पण वीरगंजहून कोलकाता रेल्वेने सुमारे सातशे किलोमीटर आणि चीनचं तियानजिन बंदर तीन हजारांहून अधिक. त्यात जुलै २०२५च्या पुरात रसुवागढीचा चीनकडे जाणारा पूलच वाहून गेला. भूगोल भारताच्या बाजूने आहे म्हणून आपण निवांत राहतो, ही वृत्ती मला खटकते. जुन्या पारगमन कराराची मुदत संपली आणि पुन्हा सही व्हायला १ जून २०२३ उजाडला. त्या नव्या करारात नेपाळला आपल्या जलमार्गांचाही वापर करता येणार आहे. सहीपर्यंतचा तो काळ जुन्या करारावरच ढकलला गेला. माल अडला नाही हे खरं, पण नेपाळच्या आयातदाराने त्या दिवसांत काय धरून चालायचं होतं?

तुमच्या नोट्ससाठी उपयोगी पडेल असा एक बदलही सांगते. पूर्वी कोलकात्यात प्रत्येक कंटेनरमागे पारगमन घोषणापत्राच्या प्रती असायच्या. त्यांतली एक नाक्यावर शिक्का घेऊन कोलकात्याला परत आली पाहिजे, तरच आयातदाराने शुल्कापोटी दिलेला हमीचा बाँड मोकळा. ती प्रत हरवणं हा एक वेगळाच रोग होता. आमच्याकडच्या मुलाला नुसती ती प्रत आणायला रक्सौलला पाठवलेलं मला आठवतं, मिथिला एक्सप्रेसने, रात्रभर बसून. तोवर रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचा डॉलरमधला दंड शिपिंग कंपनी लावतच असायची. आता कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, उपग्रहावरून माग राहतो, बंदरात नेपाळी आयातदाराला खेटे घालावे लागत नाहीत आणि सील वीरगंजलाच उघडतं. या एका कुलपाने नेपाळच्या व्यापाऱ्याचे जेवढे पैसे वाचवले, तेवढे भाषणातल्या कुठल्याही ‘कॉरिडॉर’ने वाचवलेले मी पाहिलेले नाहीत.

प्रश्न : नेपाळची वीज भारतातून बांगलादेशला जाते असं वाचलं. मध्ये आपण तारा फुकट वापरू देतो का? (वाचक, अमरावती)

उत्तर : फुकट नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला काठमांडूत तिन्ही देशांच्या वीज कंपन्यांनी करार केला: ४० मेगावॅट, दर युनिट ६.४० अमेरिकन सेंट, पावसाळ्याचे १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढेच महिने. भारताकडून एनटीपीसीची वीज व्यापार कंपनी मध्ये आहे, तिला तिचं कमिशन आणि तारांचं भाडं मिळतं. वीज नेपाळच्या धल्केबरहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येणाऱ्या वाहिनीने आत येते आणि बंगालमधल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेडामाऱ्याकडे बाहेर जाते. ४० मेगावॅट म्हणजे एखाद्या मध्यम साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाएवढी चिमूटभर वीज, पण तीन देशांनी एका बिलावर सह्या करण्याची ही पहिलीच वेळ.

मोठा व्यवहार वेगळा आहे. जानेवारी २०२४मध्ये भारताने दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घ्यायचं मान्य केलं. त्यात आपली एक अट आहे, ती बातम्यांत क्वचित येते. ज्या जलविद्युत प्रकल्पात चिनी भांडवल किंवा चिनी कंत्राटदार असेल, त्याची वीज आपण घेत नाही. नेपाळच्या प्रकल्पवाल्यांना ती जाचते. माझ्या मते अट लावायचा आपल्याला हक्क आहे, पण प्रकल्प निम्मा झाल्यावर ती कळणं हे वाईट.

प्रश्न : आमचा शेतीपंपाच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. वीरगंजच्या एका व्यापाऱ्याने मागणी केली आहे. डॉलरमध्ये बिल करायचं का? आणि कुठे अडकायला होतं ते तुमच्या अनुभवाने सांगा. (उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : डॉलर नको. नेपाळशी व्यवहार भारतीय रुपयात चालतो आणि १९९३पासून शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे चलनाची डोकेदुखी नाही. मात्र पैसे कसे येणार, एलसीने (बँकेच्या हमीपत्राने) की ड्राफ्टने, हे माल भरण्याआधी ठरवा. तिकडच्या कस्टम्सला आयातदाराच्या बँकेचा कागद लागतो आणि तो नसेल तर तुमचा ट्रक चौकीच्या आवारात भाडं भरत बसतो. जमिनीवरून जाणाऱ्या मालाला शिपिंग बिलाऐवजी बिल ऑफ एक्सपोर्ट म्हणतात, ते तुमचा एजंट रक्सौलला भरेल.

अडकायला होतं ते वर्णनात. कोल्हापूरचे लोक बिलावर सरळ ‘सीआय कास्टिंग’, म्हणजे बिडाचं ओतकाम, लिहितात, कारण तुमच्यासाठी ते कास्टिंगच असतं. पंपाचा इंपेलर किंवा केसिंग हे पंपाचे भाग म्हणून ८४१३.९१ या सीमाशुल्काच्या कोडखाली जातात. नुसतं कास्टिंग लिहिलंत की अधिकारी ते ७३२५ खाली, लोखंडी ओतीव वस्तूंकडे नेईल. मग शुल्क वेगळं, वाद सुरू. प्रत्येक भागाचं नाव, पंपाचा प्रकार, नगसंख्या आणि निव्वळ वजन वेगवेगळं लिहा. आपल्या आणि नेपाळच्या कोडचे पहिले सहा आकडे जुळतात, पुढचे दोन जुळतीलच असं नाही. म्हणून बिल करण्याआधी तुमच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या बाजूचा कोड व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या. पेट्यांवर क्रमांक घाला आणि तेच पॅकिंग लिस्टवर. पेटी नंबर ७ फोडली आणि त्यात पेटी ९चा माल निघाला, तर उरलेल्या सगळ्या फोडतात. बिलाच्या आणि पॅकिंग लिस्टच्या सही-शिक्क्याच्या दोन जादा प्रती ट्रकचालकाकडे ठेवा. फोटोकॉपी चालेल असं एजंट म्हणेल, तरी ठेवा.

आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) आणि जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) याबद्दल तुम्ही मागच्या पानावर चार प्रश्न विचारलेत. ते तुमच्या सीएचं काम, त्याला विचारा.